भिंतीला पाणी पाजणारे आप्पा

शंकरप्पांना, म्हणजे आम्हा सर्वांच्या आप्पांना, मी प्रथम पाहिले तेव्हा ते गिरणीच्या साहेबाच्या जुन्या बंगल्यासमोर कडुलिंबाखाली नुसते बसून होते. राणीच्या राज्यात बांधलेला हा सोलापूरचा बंगला आता मुलींचे वाचनालय आहे. त्याचे बाहेरचे मूळ रूप परत आणायचे काम मला मिळाले होते; वास्तुविशारद म्हणून माझे पहिलेच. मला कोण घाई, आणि आमचे मुख्य गवंडी भिंतीकडे बघत बसलेले! विचारले, तर म्हणाले, "बसा की बाई. आदी ऊन कुटनं कुटं जातंय ते बघू."

बसले. ऊन कमानींवरून तिरपे उतरू लागले. छपराच्या लाकडी झालरीची सावली विटांवर हलू लागली आणि त्या भाजून काढणाऱ्या दुपारी अख्खे घर पाण्यात उभे असल्यासारखे वाटले. गिलावा कुठे फुगला आहे, कुठे सुटला आहे, ते तिरप्या उन्हात आपोआप दिसले. आप्पांकडे येणारा प्रत्येक गवंडी थापी हातात घेण्याआधी अशी एक दुपार बसतो.

मी मात्र तेवढ्याने शहाणी झाले नाही. विश्वस्तांनी उद्घाटनाचा धोशा लावला होता आणि चुना आपल्या चालीने सुकत होता. आप्पा दोन दिवस मंगळवेढ्याला गेले, तेवढ्यात मी दक्षिणेच्या भिंतीच्या विटांमधल्या दरजांत चुन्याऐवजी सिमेंट भरून घेतले. परतल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीवर पाणी मारले. सगळी भिंत ते पिऊन गेली. माझ्या तुकड्यावरून तेवढे ओघळले; सिमेंटमागे ओल कोंडते आणि जुनी वीट फुटते. आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितले आणि बादली खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी विश्वस्त आले आणि जुन्या भिंतीत सिमेंट बघून संतापले. "कुणी केलं हे?" काम हातचे जाणार हे मला कळून चुकले होते.

"माज्याच हातनं झालं," आप्पा म्हणाले. "वय झालं की वो."

जन्मभर चुन्यात कमावलेले नाव त्यांनी असे सहज खाली ठेवले. मग आठ दिवस माझ्या शेजारी बसून, विटेला ओरखडा न उठवता, ते सिमेंट छिन्नीने काढले. मी रडत होते. ते म्हणाले, "तुमाला अजून लई घरं बगायची हायत. कुणाला सांगायचं न्हाय, बरं का."

आज त्यांच्या पंचाहत्तरीला मी तो शब्द मोडते आहे. विश्वस्तहो, ते सिमेंट माझे होते. आप्पांना हे आवडणार नाही. त्यांनी मला चारचौघांत खडसावून रागवावे, आणि असे रागवण्याइतका दम त्यांच्या छातीत शंभरीपार टिकावा, एवढेच मागणे.