मालिकेत नसलेला प्रसंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, कॉलेजात नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हेही पळून जाणंच आहे?

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. भांडुपहून मुलुंडला जायचो. तिथली मुलं सतत परदेशी मालिकांबद्दल बोलायची, कुठली बघायलाच हवी, कुठली सोडून दिली तरी चालेल. त्यातही आमच्या कट्ट्याला वेड होतं ते घोडे, धूळ आणि पिस्तुलांच्या वेस्टर्नचं. सगळ्यांकडे सगळं बघायची सोय नव्हती, म्हणून एक रीत पडली होती : ज्याने पाहिलं त्याने शनिवारी कॅन्टीनमध्ये बाकीच्यांना सांगायचं. गोळीबारासकट, हातवारे करून.

मी उत्तम सांगायचो. फक्त, मी काहीच पाहिलेलं नसायचं. मोबाईलवर चार ओळींचं परीक्षण वाचायचं आणि उरलेलं मनाने रचायचं. कुणाचा कान कापला, कुणाला तारेच्या कुंपणावर फेकलं... रक्त वाढवलं की मुलं पुढे सरकून बसायची. मला ते आवडायचं. कुणी माझं ऐकतंय हेच नवीन होतं ना.

विनायक — विन्या — आमच्याच गल्लीतला, माझ्याच वर्गातला. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीतली सोळाशे मीटरची धाव त्याच्या डोक्यात बसली होती. दर रविवारी सकाळी तो आरे कॉलनीत कमरेला दोरी बांधून, दोरीला जुना टायर अडकवून धावायचा. मी आणि आमच्या कट्ट्यावरचा, मुलुंडचा रोहन, आम्ही रोहनच्या स्कूटरवरून त्याच्याबरोबर जायचो.

एका शनिवारी मी सांगितलं की एका मालिकेत डाकू शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, दोरीने घोड्याला बांधतात आणि घोडा सोडतात. पण शेरीफ पडत नाही. घोड्याच्या मागे धावत राहतो, शेवटी डाकूच घाबरून दोरी कापतो.

"पडत नाही?" विन्याने विचारलं.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरेत त्याने स्वतःच टायर सोडला. "चल, तुझा शेरीफ बघू," म्हणाला, हसत. दोरीचं टोक मी स्कूटरला बांधलं. गाठ मीच मारली. रोहन चालवत होता, मी मागे उलटं तोंड करून बसलो, विन्याकडे बघत.

गोठ्यांच्या पुढे उतार लागतो. रस्ता रिकामा होता. सुरुवातीला विन्या मस्त धावत होता. मग रोहनने वेग वाढवला. विन्याचं तोंड उघडं पडलं, पावलं वेडीवाकडी पडायला लागली. तो ओरडला, "थांबव! थांबव रे!"

रोहनच्या डोक्यावर हेल्मेट. त्याने विचारलं, "काय बोलतोय रे तो?"

आणि मी म्हणालो, "काही नाही. वाढव अजून."

का म्हणालो? हा प्रश्न मी टाळत आलो. खरं एवढंच की मी सांगितलेली गोष्ट खरी व्हायला हवी होती. तो पडायला नको होता, माझ्यासाठी. आणि त्याचा तो घाबरलेला चेहरा बघताना मला मजा येत होती.

तो पडला. डांबरावरून माणूस घासत येताना जो आवाज येतो तो कुठल्याच मालिकेत नाही. आता मी त्या खरंच पाहतो. त्यातल्या चांगल्या आवर्जून बघण्यासारख्या आहेत, कारण गोळी सुटल्यावर त्या कॅमेरा हलवत नाहीत. पडलेल्या माणसाकडे बघायला लावतात. मी तेव्हाही बघतच होतो. पण "थांब" म्हणालो नाही. मागे ओढ बसून स्कूटर डगमगली म्हणून रोहनने ब्रेक मारला.

उजव्या गुडघ्याची कातडी राहिली नव्हती. आत पांढरं दिसत होतं. कोपर, हनुवटी, तळहात, सगळं सोललेलं. विन्या रडत नव्हता, नुसता दात वाजवत होता. रिक्षात मी त्याला मांडीवर धरून बसलो. सरकारी हॉस्पिटलात मी सांगितलं, उतारावर कुत्रं आडवं आलं, टायरमध्ये पाय अडकून पडला. रोहन गप्प राहिला. विन्याही माझ्या होला हो म्हणाला, आम्ही अडकू नये म्हणून. त्याच्या आईने माझा हात धरला. "तू होतस म्हणान वाचलो रे माझो झील." मी मान खाली घातली. तिला तो माझा साधेपणा वाटला असेल.

जखमा भरल्या. गुडघा वाकायला लागला, पण धावायला लागला नाही. भरती गेली. विन्या आता मुलुंडला एका सोसायटीच्या ऑफिसात बसतो.

ती मालिकाही मी नंतर पूर्ण पाहिली. त्यात असा प्रसंगच नाही. कुणी कुणाला घोड्याला बांधत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही चहा पीत उभे होतो. विन्या पाय चोळत होता. सहज विचारल्यासारखं म्हणाला, "एक सांग रे. मी ओरडलो ते तुला ऐकू आलं नव्हतं ना?"

त्याने स्वतःच 'नव्हतं' घालून विचारलं. मला सोपं जावं म्हणून, की त्याला स्वतःला खरं ऐकवलं नसतं म्हणून?

मी म्हणालो, "नाही रे. वारा होता ना."

तो म्हणाला, "तेच. मला वाटलंच."

मला ऐकू आलं होतं. दोन्ही वेळचं 'थांबव'. स्पष्ट.