भोलाचं पहिलं वासरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात मी बनारसजवळच्या एका वळू केंद्रावर होतो. वळूंचं खाणंपिणं बघायचं, वीर्य गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं, कांड्यांत, म्हणजे बारीक नळ्यांत, भरून गोठवायचं, हे माझं काम. संकठा घाटावरच्या आमच्या भिक्षुकी घराला ते चारचौघांत सांगायची लाज वाटे. मला नाही. थेंबभर वीर्यात एवढी झुंबड, आणि त्यातून कोण उभं राहणार हे कुणालाच माहीत नाही — याहून मोठी गंमत कोणती?

भोला हा आमचा नवा होल्स्टीन वळू. काळा-पांढरा, धिप्पाड, स्वभावानं मात्र गरीब. मी त्याला हातानं गूळ चारायचो. त्याचं वासरू अजून कुठंच जन्मलं नव्हतं. कसं असेल ते? बापाची उंची घेईल? मला चैन पडेना.

राजा घाटाजवळ यमुनाकाकू एकट्या राहायच्या. त्यांची गौरी — लहान चणीची गंगातीरी कालवड, अंगणात वाढवलेली — पहिल्यांदाच माजावर आली, तेव्हा कृत्रिम रेतनासाठी त्यांनी मला बोलावलं. गंगातीरी वळूचीच कांडी भर, मोठ्या जातीचं वासरू हिला झेपायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हणालो. हा धोका मला त्यांच्याहून जास्त कळत होता. आणि तरी — मी भोलाची कांडी भरली.

नजरचूक म्हणू? नाही हो. दोन्ही कांड्यांचे रंग वेगळे होते. मी बघून उचलली.

पुढचे नऊ महिने काही ना काही निमित्त काढून गौरीचं पोट बघायला जात राहिलो. भीती वाटायची, पण उत्सुकता त्याहून जास्त.

वासरू अडलं. डॉक्टरांनी आणि मी मिळून ओढून काढलं. काळं-पांढरं, लांब पायांचं, जिवंत. मी त्याच्यापाशीच बसलो — चक्क वितीनं त्याचे पाय मोजले. मागं गौरीचं रक्त थांबत नव्हतं, आणि मला — सांगूनच टाकतो — आनंद झाला होता. संध्याकाळपर्यंत ती गेली.

काकूंनी वासराच्या रंगाबद्दल विचारलं. कधीकधी मागच्या पिढीचं रक्त उतरतं, असं मी ठोकून दिलं. त्यांनी ते मानलं. मग हळूच म्हणाल्या, "शेवटच्या महिन्यात मी तिला दाणा-चोकर जास्तच घातलं रे. त्यानंच बछडा एवढा वाढला काय?"

"असेल," मी म्हणालो.

काकूंनी पुन्हा गाय पाळली नाही. पण गल्लीत कुणाची गाय गाभण आहे असं कळलं, की त्या मुद्दाम जायच्या आणि सांगायच्या, दाणा बेतानं घाला, माझ्या हातून एक गेली. एकदोनदा मी तिथंच उभा होतो.