रविवारचं इंग्रजी

बारावीपर्यंत मी चौसाळ्यात मराठीतून शिकले. बी.एस्सी.ला रोज एसटीनं बीडला जायला लागले तर सगळी पुस्तकं इंग्रजीत. वाचून अर्थ लागायचा, पण स्वतःचं वाक्य लिहायची वेळ आली की हात थांबायचा. प्रयोगवही तपासताना सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिला विषय कळतो, पण सांगता येत नाही." ते मला फार लागलं.

त्याच सुमारास बीडच्या बसस्टँडजवळ सायबर कॅफे निघाला होता. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा आणि आत सगळी पोरंच. इंटरनेटवर लिहिण्याच्या चुका सुधारून मिळतात, असं मैत्रिणीकडून कळलं होतं. घरी विषय काढला तर आईनं सरळ नाही म्हटलं. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हायवेला किराणा दुकान होतं. ते म्हणाले, "रविवारी माल आनायला मी बीडला जातोच की. मी बसतो हिच्या संगं."

तसे ते खरंच बसले. पडदा बाजूला सारून, स्टुलावर, हातात पेपर घेऊन. पोरं बघायची, पण अप्पांकडे बघून कुणी काही बोलत नसे.

आधी मला ऑनलाइन डिक्शनरी सापडली. एका शब्दाखाली तो वापरलेली चार-पाच वाक्यं असायची. मी ती उतरवून घ्यायचे आणि आठवडाभर तशीच नवी जुळवायचे. मग एक साइट मिळाली. तिथं जगभरातले शिकणारे लिहायचे आणि जाणकार चुका दाखवायचे. त्यात एक निवृत्त शिक्षिका होत्या, कुठल्याशा थंड देशातल्या. मी पहिला परिच्छेद अप्पांच्या दुकानाबद्दल लिहिला. ‘माय फादर इज हॅविंग अ शॉप.’ कॉम्प्युटरनं एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते.

पुढच्या रविवारी बाईंचं उत्तर आलं होतं. त्यांनी विचारलं होतं, दुकान सध्यापुरतं आहे की कायमचं? कायमचं असेल तर ‘हॅज’ लिही.

"काय म्हनली बाई?" अप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. ते गंभीर होऊन म्हणाले, "कायमचं हाय म्हनावं. तिला काऊन शंका आली?"

मला हसू आवरेना. पण ‘हॅज’ मी त्यानंतर कधी चुकले नाही.

मग दर रविवारचा तोच क्रम झाला. विषय अप्पाच सुचवायचे. हुरडा कसा भाजतात ते लिही, ऊसतोडीला गाड्या कशा निघतात ते लिही. बाई प्रश्न विचारायच्या, वाक्यं छोटी कर म्हणायच्या. सुरुवातीला माझ्या लिखाणापेक्षा त्यांच्या दुरुस्त्याच जास्त असत. हळूहळू त्या कमी झाल्या. कॉलेजात पाठ केलेलं सोडून मी माझं लिहायला लागले आणि प्रयोगवही परत देताना सरांनी विचारलं, "हे कुणाकडून लिहून घेतलंस?" मी म्हणाले, "कुणाकडून नाही, सर." त्यांनी तिथंच मला एक परिच्छेद लिहायला लावला, वाचला आणि मान डोलावली.

शेवटच्या वर्षी एका रविवारी साइटवर व्हिएतनामच्या एका मुलीचं लेखन दिसलं. तिच्या गावातल्या मासळीबाजारावर. कुणीच उत्तर दिलं नव्हतं. मी बिचकत तिच्या चुका दाखवल्या, कारणंही लिहिली. पुढच्या रविवारी खाली बाईंची ओळ होती. ‘यात मला काही बदलायचं नाही. आता तूही इथं शिकव.’

मी ती ओळ अप्पांना मराठीत सांगितली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. पेपरची घडी केली, चष्मा पुसला.

परतीच्या एसटीत त्यांनी तिकीट घेता घेता कंडक्टरला गाठलं. "आमची पोरगी परदेशातल्या लोकांच्या चुका काढती."

"इंग्रजीत?"

"मग काय मराठीत?"

पुढच्या सीटवरच्या दोन-तीन माना मागं वळल्या. एरवी मी अप्पांना कोपरानं ढोसून गप्प केलं असतं. त्या दिवशी मी ताठ बसले आणि त्यांना बोलू दिलं. मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत ते बोलतच होते.