करंटला वाट

भवानीनगरचा आमचा वायंडर, म्हणजे मोटरी भरून देणारा, जळालेली मोटर नुसती हुंगून निकाल देतो, "स्टार्टर डायरेक्ट केला व्हता. लोकान्ला अक्कल न्हाय."

मी प्रयोगशाळेत अतिवाहक चुंबकांच्या कॉइल बनवतो. त्या जळू नयेत म्हणून काय करता, असं त्यानं विचारलं. म्हटलं, "वेढ्यांमध्ये इन्सुलेशनच घालत नाही. एक जागा तापली, की करंट बाजूच्या वेढ्यातून जातो."

तो पोट धरून हसला. "मग ती कॉइल न्हाय, भेंडोळं हाय!"

परवा त्याच्याच विहिरीवरची मोटर जळाली. तापलेली मोटर बंद करणाऱ्या रिलेला बगल देऊन, तार जोडून स्टार्टर डायरेक्ट केलेला. माझी नजर तिकडं गेल्यावर म्हणाला, "सायेब, तुमचंच ऐकलं. करंटला बाजूनं वाट दिली."

त्या दिवशी मोटर हुंगायचं मात्र त्याला सुचलं नाही.