पेपरात दिलंय की

माझा मामा मेलेल्या माणसांवर जगला. हे वाक्य त्याचंच. त्याचा धंदा कोणी विचारला की तो असं सांगायचा आणि समोरच्याचा चेहरा पडला की खुशीत हसायचा. गावातल्या एकुलत्या एका वर्तमानपत्रात निधनवार्तांची चौकट त्याच्याकडे होती. कोण गेलं, वय काय, मागे कोण आहे, कधी नेणार. एवढं कोणीही लिहील. पण मामा ज्याच्या त्याच्या घरी जायचा, कोपऱ्यात बसायचा, कोणीतरी देईल तो चहा प्यायचा आणि घरच्यांना विचारायचा, "दुपारी काय करायचे हो ते?" त्यातून चौकटीची शेवटची ओळ निघायची. घड्याळं दुरुस्त करणारा गेला तेव्हा मामाने लिहिलं, 'त्यांचं स्वतःचं घड्याळ कायम मागे असे.' एका बाईंबद्दल लिहिलं, 'त्यांना गाता येत नव्हतं, तरी त्या गात.' लोक पेपर उलटा धरल्यासारखे मागच्या पानापासून वाचत. मालकाचा अग्रलेख मालकाची बायकोसुद्धा वाचत नसावी.

हा मालक म्हणजे कारखानदार. त्याच्याच कारखान्यात संप झाला तेव्हा गावातून एवढा मोठा मोर्चा निघाला की दुकानदारांनी फळ्या लावून घेतल्या. मामा काम संपवून त्या मोर्चात गेला, कारण तो तरुणपणापासून कामगारांच्या पक्षाचा. डोक्यात काठी बसली, टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून कामावर गेला तर पेपरात मोर्चाची बातमी होती, 'वाहतुकीचा खोळंबा'. खाली बारीक अक्षरात, 'किरकोळ अपघातात एक जखमी'. तो एक म्हणजे मामा. आणि बातमी लिहिणारा त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसून त्याला विचारत होता, "फार दुखतंय का रे?"

त्यामुळे पुढे जे झालं त्यात मामाचं चुकलं असं मी म्हणत नाही. म्हणावंसं फार वेळा वाटलंय. पक्षाच्या बैठकीत तो उठला आणि म्हणाला, "दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार? आपला पेपर आपणच काढला पाहिजे." टाळ्या पडल्या. वर्गणी झाली, सायकलच्या दुकानावरच्या माडीत छापखाना बसला आणि मामा आपली चौकट उचलून तिकडे गेला. त्याच्या मागोमाग गावातली सगळी मेलेली माणसं गेली आणि त्यांच्या मागोमाग जिवंत गिऱ्हाईक. कारखानदाराचा पेपर लवकरच बसला. मामाने पेढे वाटावेत तसं हे सगळ्यांना सांगितलं.

आता आमचं घर. आई म्हणजे मामाची मोठी बहीण, त्याची ताई. ती पडली विरुद्ध पक्षाच्या घरात, कारण माझे बाबा त्या पक्षाचे, आणि माझा दादा तर बाबांपेक्षा दोन बोटं पुढे. 'त्यांनी पेपर काढला, मग आपण काय हातावर हात ठेवून बसायचं?' असं म्हणून बाबांच्या लोकांनीही पेपर काढला. गावात दोन पेपर झाले. सकाळी कोणाच्या दारात कोणता पडतो त्यावरून घर ओळखू यायला लागलं.

सुरुवातीला मामा सगळ्यांचंच लिहायचा. मग बाबांच्या पक्षाचा एक म्हातारा गेला आणि मामाने त्याच्यावर चांगली ओळ लिहिली, तर त्याच्याच पक्षाची पोरं संपादकाकडे गेली. "आपल्या पेपरात त्याचं कौतुक?" संपादक भला माणूस, पण पोरांना भ्यायचा. म्हणाला, "त्यांना त्यांचा पेपर आहे की." इकडेही तेच. शत्रूच्या पेपरात आपलं माणूस कशाला, म्हणून लोक मामाला दारातूनच परत पाठवायला लागले. नियम कोणी केला नाही. माणसं आपोआप दोन ठिकाणी मरायला लागली.

त्याने काय झालं ते आमच्या बाबांनाच विचारा. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे त्यांनी पँट टाकली होती. एक दिवस तावातावाने गेले आणि दारातूनच ओरडले, "अजून किती दिवस लावणार आहेस रे?" आतून शिंप्याची बायको आली. शिंपी जाऊन आठवडा होऊन गेला होता. तो मामाच्या पेपरात गेला होता, आमच्याकडे कसा कळणार? बाबा मान खाली घालून परत आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

मग एकदा मामाच्या पेपरात बाबांविरुद्ध काहीबाही छापून आलं. मामाने लिहिलं नव्हतं, पण बाबांनी आईला सांगितलं, "तुझ्या भावाला म्हणावं, चहा तिकडेच पीत जा." मामा यायचा बंद झाला. तो पेपर तर आमच्या उंबऱ्याच्या आत येणंच शक्य नव्हतं. पण आई काही कमी नव्हती. वाण्याच्या दुकानात दोन्ही पक्षांची युती होती. डाळ एका पेपरात बांधून यायची, साखर दुसऱ्यात. आई पुड्या सोडायची, कागद मांडीवर घेऊन तळव्याने सपाट करायची आणि मामाची चौकट सापडली की दुपारभर पुरवून वाचायची. कधी अर्धीच सापडायची. माणूस कोण ते फाटलेलं असायचं, शेवटची ओळ तेवढी उरलेली. तरी ती म्हणायची, "हा सायकलवाला असणार बघ."

"मला गाव महिनाभर उशिरा कळतं," असं ती हसत सांगायची. "मी मेले ना, तर मलासुद्धा पुडीतूनच कळेल."

तिने मत कोणाला दिलं ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. विचारलं तर म्हणायची, "दिलं ना, झालं तर मग."

माझ्या लग्नात मामा आला होता, शेवटच्या रांगेत बसला होता. दादाने त्याच्याकडे बघितलंही नाही. आईने त्याला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, समोर बसून जेवायला घातलं आणि म्हणाली, "हे बघ धाकट्या, माझं तूच लिहायचंस. ह्यांच्या माणसांना येत नाही. त्यांच्यात सगळ्या बायका सोशिक आणि सगळे पुरुष लढवय्ये."

"ताई, जेवताना कसलं बोलतेस?"

"लिहीन म्हण आधी."

"लिहीन," मामा म्हणाला. मी दारात उभी होते. तो शब्द मी ऐकला आहे.

आई गेली ती एका सकाळी, भाजी निवडता निवडता. मी दूर नोकरीच्या गावी. निरोप मिळाला, रात्रभर बसमध्ये बसून पोहोचले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे आमचे, म्हणजे बाबांचे. खांद्यावर पक्षाचे पट्टे, दारात ट्रक, ट्रकला झेंडा. आईला झेंडा कशाला, हे विचारायची ती वेळ नव्हती. बाबा खुर्चीत बसले होते, कानाने आणि आता मनानेही गेलेले. मी आईजवळ बसले, रडले, आणि मग मान वर करून मामाला शोधायला लागले. दुपारी तिला उचलायची वेळ झाली तरी तो दिसेना.

"दादा, मामा कुठंय?"

"यायचं असतं तर आला असता."

"त्याला कळवलंस ना?"

"पेपरात दिलंय की," दादा म्हणाला.

"कुठल्या पेपरात?"

"आपल्या." असं म्हणाला आणि मग माझ्याकडे बघून थोडा थांबला. "त्याच्या घरी फोन नाही. त्यांच्या पेपरच्या ऑफिसात मी फोन करू? माझ्या हाताने?"

माझा दादा दुष्ट नाही. आईला शेवटी शेवटी तोच उचलून न्हाणीघरात नेत होता. त्याला खरोखर वाटत होतं की पेपरात दिलं म्हणजे जगाला सांगितलं. गावाला आणखी एक अर्धं आहे हे तो विसरला होता. मी काही बोलायच्या आत ट्रक हलला.

संध्याकाळी मी सायकलच्या दुकानावरचा जिना चढले. मामा खिडकीजवळच्या टेबलाशी होता. तारेला चिठ्ठ्या टोचलेल्या, बाजूला डिंकाची बाटली, कोणाचं तरी लिहिणं चाललेलं. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला तसंच खाली पळून जावंसं वाटलं.

"अगं! कधी आलीस? बस, बस. ताई कशी आहे?"

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. आयुष्यभर मेलेल्यांच्या घरचे चेहरे बघितलेला माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. हातातला कागद त्याने हळूच बाजूला सारला.

"कधी?"

"काल सकाळी."

"नेणार कधी?"

"नेलं, मामा. दुपारी."

तो खिडकीकडे वळला. खाली रस्ता होता. म्हणाला, "ट्रक होता?"

"हो."

"झेंडा लावलेला?"

"हो."

"बघितला मी," मामा म्हणाला. "डबा खात होतो. वाकून बघितलं, झेंडा दिसला. म्हटलं, त्यांच्यातलं कोणीतरी दिसतंय. आणि परत येऊन जेवलो गं. पुरतं जेवलो."

मी त्याचा हात धरला. तो रडला नाही. हात सोडवून घेऊन त्याने कोरा कागद पुढे ओढला आणि लिहायला लागला. नाव लिहिलं. वय मला विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाला, "नाही, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे एक जास्त." मागे पती, मुलगा, मुलगी. मग थांबून लिहिलं, एक भाऊ. शेवटच्या ओळीशी पेन थांबलं. त्याने मान वर केली आणि कुठल्याही परक्या घरात विचारतो तसं मला विचारलं, "ती हल्ली दुपारी काय करायची?"

त्याला माहीत नव्हतं. गावात कोण दुपारी काय करतं ते माहीत असलेल्या माणसाला स्वतःच्या बहिणीचं माहीत नव्हतं.

"तुझं वाचायची," मी म्हटलं. "वाण्याच्या पुड्यांवरचं. शेवटची ओळ आधी."

तो अक्षरजुळणी करणाऱ्याला म्हणाला, "एका ओळीची जागा ठेव, मी आणतो," आणि बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला. मी घरी निघाले तेव्हा पेन त्याच्या हातातच होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाटेत त्याचा पेपर विकत घेतला आणि पदराखाली घरात नेला. आमच्या पेपरात आदल्या दिवशी आलं होतं, 'सोशिक स्वभावाच्या त्या माउलीने पतीच्या पक्षकार्यात सावलीसारखी साथ दिली.' मामाच्या पेपरात, शेवटच्या ओळीच्या जागी, होतं, 'विरोधकांच्या घरात राहूनही भावाच्या विचारांशी त्या अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिल्या.' दादाच्या हाती ते लागलं. त्याने ते बाबांसमोर आपटलं. "मेलेल्या आईवरसुद्धा राजकारण करतो तुझा मामा!" मी भांडले, पण छापलेल्याशी कोण भांडणार?

मामाला विचारलं तर तो म्हणाला, "मला ओळ सुचेना. पान लावायची वेळ झाली, जागा रिकामी होती, संपादकांनी भरली. चांगल्या मनाने भरली गं. मला म्हणाले, तुमच्या बहिणीला आपलं म्हटलं, त्यात वाईट काय?"

"मामा, तू पेपर काढायलाच नको होतास."

"काढायला हवाच होता," तो म्हणाला. त्याही दिवशी त्याने ते सोडलं नाही. डोक्यावरच्या जुन्या टाक्यांवरून हात फिरवला. "पण इकडे नुसती आपली मतं आणायची होती. मेलेली माणसं जुन्या पेपरातच ठेवायची होती, सगळ्यांची मिळून. ती मी उचलून आणली."

पेपर त्याने सोडला नाही. सोडून जाणार कुठे? पण त्या दिवसापासून त्याच्या चौकटीत शेवटची ओळ नसते. नाव, वय, वेळ. वाचणारे म्हणतात, म्हातारा थकला.

पुढच्या खेपेला मी माहेरी आले तेव्हा वहिनीने साखर आणायला पाठवलं. वाण्याच्या दुकानात गेले तर आत, पोत्यांच्या मागे, मामा पाटावर बसून रद्दीचा गठ्ठा उलटत होता. एकेक पान बघायचा आणि बाजूला ठेवायचा. एक सापडलं, त्याची घडी करून त्याने खिशात घातली. खिसा आधीच फुगलेला होता.

"रोज येतात," वाणी माझ्या कानाशी म्हणाला. "एकाच तारखेचा पेपर शोधतात."

"मामा, काय हे?"

"इथून ताईच्या घरी पुडी जाते," मामा मान वर न करता म्हणाला. "तिच्या हातात ते पडायला नको."

"आता तिथं पुड्या वाचणारं कोण आहे, मामा?"

मामाने पुढचं पान उलटलं. वाण्याला राहवेना, चांगलाच माणूस, मापाने साखर भरता भरता म्हणाला, "अहो, एवढं चुकलंय तर दुरुस्ती छापून टाका की. पेपरात द्या."

मामाचा हात गठ्ठ्यावर थांबला.

"कुठल्या पेपरात?" त्याने विचारलं.