दुर्बिणीवरचं धोतर

फुटून गेलेल्या एका ताऱ्याचा मागे उरलेला फिकट धूर कॅमेऱ्यात उतरवायला मला सबंध रात्र लागली. पहाटे मात्र पंचाईत झाली. काचेवरच्या धुळीचे डाग फोटोतून काढायचे, तर दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून उजळत्या आभाळाचेही फोटो घ्यावे लागतात, आणि ते कापडच मी घरी विसरलो होतो. ज्यांच्या खळ्यात दुर्बीण मांडली होती, त्या हिराबाईंनी पेटीतून एक धोतर आणलं.

"आमच्या मालकांचं. त्यांना जाऊन लई वर्सं झाली. तुमचा तारा कुठाय?"

"तोही केव्हाच गेला, मावशी. नुसता उजेड पोचतोय."

तळहाताने एकेक सुरकुती मोडून हिराबाईंनी धोतर स्वतःच गच्च ताणून धरलं.

आता फोटो पाहून लोक विचारतात, कॅमेरा कुठला? मी धोतराचं सांगतो. माणूस काय, तारा काय, जाताना काहीतरी मागे ठेवून जातो. पण ते आपल्यापर्यंत पोचायला मध्ये कुणाचे तरी हात लागतात.

त्या पहाटे फोटो घेऊन झाल्यावर मी हात जोडले. धोतराची जुन्याच मोडीवर घडी घालत हिराबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, ठिवलं होतं."