बिनमेंढरांचं कुरण

चाळिशीतल्या कारकून बाईनं तलवार घेऊन घोड्यावर फिरावं, हे आमच्या गल्लीत कुणालाच पटत नाही. पण परभणीच्या माझ्या दोन खोल्यांत, टीव्हीला जोडलेल्या त्या सामुराईच्या गेमनं मला खरोखर वेड लावलं होतं. जुन्या काळातला जपान आणि वाटेल तिकडे जायची मुभा. लांबवर डोंगर दिसला की घोडा वळवायचा आणि खरंच त्या डोंगरावर पोचायचं. उतारावरचं गवत वाऱ्यानं वाकायचं, ऊन सरकत जायचं, आणि मी लढाई सोडून नुसती बघत बसायचे.

दोष होतेच, मी काही आंधळी भक्त नाही. दहाजण मारायला येतात आणि रेशनच्या रांगेत असल्यासारखे एकेक करून पुढे होतात. गावातली माणसं तेच एक वाक्य घोकत राहतात. एका गावाची सुटका करावी, तर पुढच्या गावात पुन्हा तेच काम.

त्या दिवसांत आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे राहायला होते. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कळप पेडगावला काकांच्या हवाली करून ते लेकीकडे आले. कळप बघायला चला म्हटलं, की भिंतीकडे तोंड करून पडायचे. आता मेंढरं आपल्याला ओळखायची नाहीत, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आठ महिने असेच गेले. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं आणि मला त्यांची फार काळजी वाटायला लागली.

एका रविवारी दुपारी मी खेळत असताना ते उठून बसले. टीव्हीवरच्या गवताचा रंग बघून म्हणाले, खालच्या अंगाला पाणी असणार, तिकडं घे. तो भाग मी कधी पाहिला नव्हता. घोडा उतारावरून खाली नेला, झाडी ओलांडली, आणि समोर ओढा वाहत होता. तो डोंगर ज्यांनी कुणी घडवला, त्यांनी गवत इतकं नीट पाहिलं होतं, की जिंतूरच्या पलीकडे फारसं न गेलेल्या माणसाला ते वाचता आलं. मला त्यांच्यापुढे आणि आबांपुढेही हात जोडावेसे वाटले.

तासभर त्यांनी मला रानोमाळ फिरवलं. लढू म्हणून दिलं नाही. मग म्हणाले, "एवढं गवत हाय माय, अन् चरायला कुणीच न्हाई?"

मी म्हटलं, घोडा आहे की. तर तो खातो कधी, असं त्यांनी विचारलं. इतके महिने खेळून हा दोष मला दिसला नव्हता.

विषय बदलायचा म्हणून मी घोडा लांब सोडला आणि बटण दाबून सामुराईची शीळ वाजवली. घोडा धावत आला. आबा खुदकन हसले आणि परत सोड म्हणाले. मी सोडला. त्यांनी ओठ आवळले आणि स्वतःची शीळ घातली, लांबलचक, शेवटाला वर चढणारी. आठ महिन्यांत ती मी ऐकली नव्हती. शेजारच्या अंगणातली शेळी ओरडली. टीव्हीतला घोडा पाठ करून उभा होता, ढिम्म हलला नाही.

त्याला ऐकू येत नाही, मेंढरांना तरी येतं का बघू, असं आबा पुटपुटले. मग त्यांनी काठी मागितली. पेडगावला जायचं म्हणाले, आत्ताच.

रिक्षा माळापर्यंत नेली. कळप दूर चरत होता, सगळ्यांची तोंडं खाली. आबांनी ओठ आवळले. पहिल्यांदा तोंडातून नुसती हवाच निघाली. त्यांना इथं आणून चूक केली, असं मला वाटलं.

दुसऱ्यांदा शीळ वाजली. एका म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली. तिच्या मागोमाग अख्खा कळप वळला आणि धूळ उडवत आमच्या दिशेनं यायला लागला.

"वळखलं गं माय," आबा म्हणाले.